थोडा वारा तर द्या

१९ जानेवारी

हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते तेवढ्यात गोव्याहून मॅडमचा फोन आला. कोचीहून सेशेल्स बेटांकडे एक शिडाची होडी निघणार आहे, नवरा-बायको दोघंच, आणि या वेळी सगळं मीच बघायचं. "मी मध्ये बोलणार नाही. निरोप तुझे, निर्णय तुझे," म्हणाल्या. फोन ठेवला तरी मी तशीच बसून. शेवटी आईने ताट माझ्या पुढ्यातून ओढून घेतलं, कारण मी दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत टाकत होते.

तीन वर्षं झाली मॅडमकडे काम करते. त्या गोव्यात, मी अकोटात. लांबच्या समुद्रात जाणाऱ्या होड्यांना रोज दोनदा सांगायचं, पुढे वारा कसा आहे, लाटा केवढ्या आहेत, कुठे वळायचं. वेदर राउटिंग म्हणतात याला. होडीतल्या माणसाला क्षितिजापर्यंतच दिसतं, त्याच्या पलीकडचं आम्ही संगणकावर बघतो. आजवर मी नकाशे तयार करायची आणि निरोप मॅडम पाठवायच्या. समुद्र म्हणाल तर मी आयुष्यात दोनदाच पाहिलाय, दोन्ही वेळा सहलीत.

शेजारचे शेषरावकाका संध्याकाळी चहाला आले तेव्हा आईने त्यांना बातमी दिली. "म्हंजे समुद्रातली एसटी कंट्रोलर झाली तू," ते म्हणाले. "ते होडीचं राहू दे, आमच्या तुरीवर पानी येते का ते सांग पयले."

देवापुढे साखर ठेवली. अकोटात बसलेल्या मुलीवर कोण इतका भरवसा टाकतं? मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

२४ जानेवारी

होडीवाल्यांशी पहिल्यांदा बोलणं झालं. माझं 'नमस्कार सर' संपायच्या आत पलीकडून आवाज आला, "मॅडम सांगत होत्या तुमी अकोटच्या. खरं हाय का?"

"हो."

"अरे बाप्पा. मी दर्यापूरकडला. ऐकलं का वं चंदा, आपलीच पोरगी हाय रस्ता दाखवाले."

नाव धर्मपाल. जन्मभर मालवाहू जहाजांवर इंजिनियर होते. "जहाजाच्या पोटात इंजिनापाशी बसून दुनिया फिरलो ताई, पन वारा म्हून काही पायलाच नाई. रिटायर झालो तवा म्हनलं, आता विनाइंजिनाचं जाऊन पाहू." होडीचं नाव 'पूर्णा', आपल्या नदीवरून. चंदाकाकू पन्नाशीत शीड बांधायला शिकल्या. त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "मले भेव नाई लागत, फक्त खाऱ्या पान्याचा कटाळा येते. जलमच खारपानपट्ट्यात गेला आन् आता पुन्हा चारीकडे खारंच."

मला इतकं हसू आलं. दर्यापूरच्या त्या भागात विहिरींना खारं पाणी, हे इकडे लहान मुलालाही ठाऊक असतं.

त्यांनी होडीची सगळी माहिती पाठवली. वारा पंचवीस नॉटपर्यंत, म्हणजे ताशी पंचेचाळीसेक किलोमीटर, असला तर होडी खुशाल चालते, असं धर्मपालकाकांनी लिहिलंय. मी माझ्या मनात अठरा धरलेत. सावध असलेलं बरं.

२८ जानेवारी

काका निघायची घाई करतायत. कोचीच्या बाहेर लाटा अजून उंच आहेत. मी म्हटलं, "काका, वापसा येऊ द्या." पलीकडून खो खो हसणं. पाऊस पडून गेल्यावर जमीन पाय ठेवण्याजोगी होईपर्यंत पेरणीला थांबतात, तसं समुद्रालाही थांबावं लागतं हे त्यांना एका शब्दात कळलं. दुसऱ्या कुणाला मला अर्धा तास समजवावं लागलं असतं. आपल्या भाषेचा माणूस मिळाला, हेही नशीबच.

रात्री वारा सुटला होता. उठून खिडक्या लावल्या. मागच्या पडवीचे पत्रे वाजत होते, त्यांच्यावर दगड ठेवून आले. बाबा जागेच होते.

बाबांचं मला वाईट वाटतं. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या वादळात आमची केळीची बाग एका तासात आडवी झाली. घड कापायला आले होते. मी पुण्याहून सुट्टीवर आले होते आणि मग परत गेलेच नाही. नेट इथेही चांगलं चालतं, पुण्यात खोली कशाला ठेवायची. बाबांनी मात्र त्यानंतर केळी लावली नाही. त्या वावरात हरभरा घेतात. माणूस धसका घेतो तो असा.

३० जानेवारी

'पूर्णा' निघाली. ईशान्येचा वारा, पंधरा नॉट, पाठीवर. काकांचा उपग्रहावरून निरोप आला, "दर्यापूर-अकोट रोडपेक्षा झोक लागून राहिली गाडी." आईने वाचायला लावला, तीनदा.

३ फेब्रुवारी

सगळं छान. सकाळी नकाशे, निरोप. दुपारी पुन्हा तेच. चंदाकाकूंनी होडीवर पिठलं केलं, त्यात लाट आली म्हणून अर्धं पिठलं काकांच्या अंगावर. मला माझं काम आवडतं हे मी कधी लिहिलंच नव्हतं, म्हणून आज लिहिते. खूप आवडतं.

५ फेब्रुवारी

आज पहिला मोठा निर्णय घेतला. पश्चिमेकडे वारा वाढतोय. बावीस, चोवीस, एखाददुसऱ्या दिवशी पंचवीस. होडीला ते चालतं असं काकांनी लिहिलंय खरं, पण चालतं म्हणजे काय? चोवीसच्या वाऱ्यात दोन साठीची माणसं मी कशी पाठवू? नकाशावर तो पट्टा लाल दिसतो.

दक्षिणेला मात्र सगळं पांढरं. वारा जवळजवळ नाहीच. मी त्यांना विषुववृत्ताच्या खाली वळायला सांगितलं. काकांनी विचारलं, "इतक्या लवकर खाली जायाचं?" मी म्हटलं, लाल पट्टा टाळू आणि मग निवांत पश्चिमेला निघू. "तुमी म्हनता तं वळतो," म्हणाले.

माणसाने इतका विश्वास ठेवला की ऊर भरून येतो. निरोप पाठवला आणि खूप दिवसांनी शांत झोप लागेल असं वाटलं.

७ फेब्रुवारी

पोहोचले. समुद्र तळ्यासारखा आहे, काकांनी फोटो पाठवला. आकाश खाली उतरून पाण्यात बसलंय असं वाटतं. लाल पट्ट्यात या वेळी काय धुमाकूळ चालला असेल, आणि माझी माणसं इथे किती सुखरूप आहेत. देवाचे आभार. आईला फोटो दाखवला. ती म्हणाली, "शीड तं वाळू घातलेल्या लुगड्यासारखं लोंबून राहिलं."

८ फेब्रुवारी

फारशी हालचाल नाही. काकांच्या निरोपात आज गंमत नव्हती. दमले असतील.

९ फेब्रुवारी

काल होते तिथेच आहेत. होडीत अडीअडचणीला एक छोटं इंजिन आहे, ते थोडं चालवून पाहिलं, पण डिझेल जपायला हवं, कारण बंदरात शिरतानाही लागेल. माझ्या अंदाजाप्रमाणे काल वारा यायला हवा होता. जो येतोय तो पश्चिमेकडून, म्हणजे नेमका तोंडावर, आणि तोही फुंकर मारल्याएवढा. उद्यापर्यंत बदलेल.

१० फेब्रुवारी

खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करायचं यंत्र सकाळी बंद पडलं. काकांनी आयुष्यभर इंजिनं उघडली, हेही उघडलं, पण आतली एक रबरी चकती फाटलीय आणि तशी दुसरी होडीवर नाही. आता टाकीत आहे तेवढंच पाणी. पाऊस म्हणाल तर ढग लांब दक्षिणेला चमकतात, इकडे थेंब नाही. वारा आला नाही तर होडी जागेवर, आणि होडी जागेवर राहिली तर पाणी संपणार. इतका साधा हिशेब मला पाचव्या दिवशी दिसला.

दुपारी काकांचा निरोप आला. तसाच इथे उतरवते. "तुमी आमाले लय सांभाळून राहिल्या ताई. पन थोडा वारा तर द्या."

मॅडमना मीच फोन केला. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी पाचव्या तारखेपासून बघतेय. त्यांना चोवीसचा वारा पाठीवरून मिळत होता, गीतांजली. शिडाच्या होडीला याहून काय हवं असतं? तू त्यांना वारा नसलेल्या जागी नेऊन ठेवलंस." मग म्हणाल्या, आसपासच्या जहाजांवर त्यांची नजर आहे, पाणी फारच कमी झालं तर मदत मागवू. "पण त्याआधी रस्ता तू काढायचास. तू नेलंस, तूच बाहेर काढ."

मला वाटत होतं मी काळजी घेतेय.

११ फेब्रुवारी

संध्याकाळी बाबा जेवायला बोलवायला वर आले. पडद्यावर दोन रस्ते मांडले होते. एक, आहे तिथेच आणखी थांबायचं आणि दक्षिणेकडचा हलका वारा येतो का बघायचं. दोन, उरलेलं डिझेल जाळून परत उत्तरेला जायचं, त्या लाल पट्ट्याच्या काठाला लागायचं आणि त्याच वाऱ्याने सरळ पश्चिमेला धावायचं. पश्चिमेकडे हा वारा विषुववृत्त ओलांडून खाली वळतो, म्हणजे बेटांपर्यंत साथ देईल. दुसराच रस्ता बरोबर आहे हे कुणीही सांगेल. मी मात्र सकाळपासून पहिल्या रस्त्याच्या बाजूने कारणं शोधत होते.

बाबांना सगळं सांगितलं. लाल पट्टाही दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"याच्यात जाऊन होडी मोडन का?"

"नाही."

"मंग कावून नाई पाठवत?"

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा. तुम्ही नाही का केळी लावायची सोडली वाऱ्यापायी."

ते खाटेवर बसले. "मी कुठं भेलो वं? बाग पडली, पडली. दुसऱ्या वर्षी रोपं सांगून ठेवले होते मी. पन तू दर वाऱ्याले उठून बसे. पत्र्यावर दगडं ठेवे. तुह्या मायनं म्हनलं, पोरीच्या डोळ्यासमोर पुन्हा केळी नोका लावू. म्हून नाई लावली."

तीन वर्षं. त्या माणसाने तीन वर्षं हरभरा पेरला आणि मी त्यांच्या धसक्याची कीव करत बसले. खिडकीला मी कडी लावली होती आणि बाहेर साधी झुळूकही नव्हती.

बाबा गेल्यावर निरोप लिहिला. 'काका, उत्तरेला वळा. डिझेल वापरा. पुढे वारा बावीस ते पंचवीस, पाठीवरून. शीड अर्धं ठेवा. मी तुम्हाला चुकीच्या जागी नेलं, माफ करा.' पाठवायची कळ दाबली. लगेच उत्तर आलं, "वळलो."

१२ फेब्रुवारी

इंजिनावर उत्तरेकडे. पाण्याचं विचारलं तर चंदाकाकूंनी स्वतः लिहिलं, "काळजी नोको करू. आमच्या गावाले गोड पान्याचा हंडा नेहमीच वेगळा राहे. प्यायाले, चहाले आन् डाळीले गोड. बाकी सगळं खारं. मी निघाल्यापासून तसंच करून राहिली. हे म्हने, यंत्र हाय न, कशाले जपतं. आता गुमान हायत."

म्हणजे टाकीत आमच्या हिशेबापेक्षा पुष्कळ पाणी आहे. यंत्र चालू असतानाही ही बाई भांडी समुद्राच्या पाण्याने घासत होती, कारण लहानपणापासून तसंच केलंय. मी खुर्चीतून उठून देवघरापर्यंत गेले आणि हात जोडले. खारपाणपट्ट्याचे आभार कुणी मानले असतील असं वाटत नाही. मी मानले.

१३ फेब्रुवारी

डिझेल बंदरात शिरण्यापुरतं उरलंय. इंजिन बंद केलं. वारा आठ. वाट बघतायत. मीही.

१४ फेब्रुवारी

पहाटे चौदा. नऊ वाजता एकोणीस. जेवणाच्या वेळी तेवीस.

मी जेवायला उठलेच नाही, नकाशापुढे बसून होते. शेषरावकाका आले आणि माझं तोंड बघून तुरीचं विचारायचं विसरले. "काय झालं?" मी म्हटलं, माझ्या माणसांना मी वाऱ्यात घातलंय. ते म्हणाले, "मंग काय झालं? उफनाले वारा नसला तं आमी दिवसभर टोपलं घेऊन उभं राहू खळ्यात." आणि आईकडे वळून म्हणाले, "हिले जेवाले वाढ."

खळ्यात वाऱ्याची वाट बघणारी माणसं मी लहानपणी पाहिलीत. भुसा उडून दाणे खाली पडावेत म्हणून टोपलं डोक्यावर धरून उभे असायचे, वारा आला की सगळ्यांचे चेहरे खुलायचे. हे मी कसं विसरले होते कोण जाणे. जेवले.

संध्याकाळी काकांचा निरोप, "होडी पयून राहिली ताई. असं पयनं म्या जिंदगीत नाई पायलं. चंदा गानं म्हनून राहिली."

१६ फेब्रुवारी

पंचवीस. एका झोतात सत्तावीसही लागला. लाटा उंच, पण पाठीमागून. काकूंच्या कोपराला खरचटलं, बाकी ठीक. मी दर काही वेळाने नकाशा बघते, पण आता भीतीही वाटते आणि कामही करता येतं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. दुपारी त्यांना जरा खाली वळवलं. वारा त्यांच्याबरोबर वळला. नेमका मी सांगितलं तिथे वळला. आईला हाक मारून दाखवलं, तिला काही कळलं नाही, पण तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

१८ फेब्रुवारी

पोहोचले.

व्हिक्टोरिया बंदरात सकाळी नांगर टाकला. काकांचा फोन आला, खरा फोन, आवाज तुटत होता. "ताई, पोचलो. नळाले तोंड लावून पानी पेलो दोघंबी." मी म्हटलं, "माझं चुकलं होतं काका." ते म्हणाले, "चुकलं तं खरंच. पन तुमी लपवलं नाई न. चुकलं म्हून लिवलं आन् बाहेरही काढलं. मी लय जहाजावर काम केलं, चुकलं म्हनणारा कप्तान एक नाई भेटला."

मॅडमनी पुढची होडीही मलाच दिली. मी विचारलं, खात्री आहे का? त्या म्हणाल्या, "आता आहे."

इतकं देणं आहे माझ्यावर. मॅडम, बाबा, आई, शेषरावकाका, कोपर खरचटलेल्या चंदाकाकू. लिहायला बसले तर पान पुरणार नाही.

१६ मार्च

होडी तिकडेच बंदरात ठेवून दोघं महिनाभर गावी आलेत, आणि आज अकोल्याहून एसटीने आमच्याकडे आले. काका माझ्या कल्पनेपेक्षा बुटके निघाले. काकू उंच, सावळ्या, कोपरावर अजून डाग. दारातच मी वाकले तर त्यांनी मला वरच्यावर धरलं आणि घट्ट जवळ घेतलं. आम्ही दोघी रडलो. काका आणि बाबा चपला नीट लावत राहिले.

मग काकूंनी पिशवीतून एक प्लास्टिकची बाटली काढली. पाणी होतं. "हे होडीतलं. सगळं वापरून एवढं उरलं होतं. फेकवलं नाई मले. इमानात पेटीत घालून आनलं." आईने विचारलं, याचं करायचं काय? काकू म्हणाल्या, "करायाचं काय, चहा करू. गोड पानी हाय, वाया कशाले घालवाचं?"

आईने ते पाणी गाळून चुलीवर ठेवलं. सहा कप झाले, कारण शेषरावकाका वेळेवर टपकले.

चहा हातात आला आणि वळवाचा वारा सुटला. धूळ उडाली, मागचे पत्रे वाजायला लागले. सगळ्यांनी कप सावरले. धर्मपालकाका बाहेर वावराकडे बघत म्हणाले, "एवढी चांगली जमीन, पानी हाय, मंग केळी कावून नाई लावत वामनराव?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आईनेही.

"जूनमध्ये लावतोय," मी म्हटलं.

खिडकी उघडीच होती. वाऱ्याने कॅलेंडरची पानं फडफडत होती, आणि मी उठले नाही. चहा गरम होता, तो पूर्ण प्यायले.